लहान शाळेचा निकाल आणि पट एकत्र कसा वाचायचा

शाळेचा पट (दाखल मुलांची संख्या) साठ आणि चौथीत अकरा मुलं असतील, तर टक्केवारी आधी बाजूला ठेवा. अकरांत एक मूल म्हणजे 9 टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी निकाल 9 टक्क्यांनी घसरतो आणि मग त्याची कारणं शिकवण्यात शोधत बसतात. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर असे वर्ग नेहमीचेच. तिथं वर्गाची सरासरी नाही, मुलांची यादी वाचायची असते.

यादी एक्सेलमध्ये करा, एका मुलाला एक ओळ. जन्मतारीख आणि दाखल तारीख जनरल रजिस्टरवरून (दाखल मुलांच्या नोंदवहीवरून) घ्या, हजर दिवस कॅटलॉगवरून, म्हणजे हजेरीपत्रकावरून. नावाऐवजी रजिस्टर क्रमांक लिहा. भावंडं असली किंवा आधारवर नाव वेगळं असलं की नावावरून जुळणी हमखास चुकते. पुढचे रकाने असे: इयत्ता, मुलगा की मुलगी, घरची भाषा, घर ते शाळा अंतर, आई किती शिकली, कुटुंब कोणत्या महिन्यांत बाहेर जातं, पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीच्या) चाचणीचे गुण, संकलित मूल्यमापन 2 चे (एप्रिलमधल्या वर्षअखेरच्या चाचणीचे) गुण, वाचनाची पातळी. एवढं पुरे. तीस रकान्यांचा तक्ता भरून पूर्ण होत नाही आणि झाला तरी कोणी वाचत नाही.

गुणांच्या रकान्यात श्रेणी लिहू नका. ब-2 म्हणजे 61 ते 70, त्यामुळे 61 चा 70 वर आला तरी श्रेणी तीच राहते. शिवाय तिसरी-चौथीत आकारिकला (वर्षभरातल्या वर्गकामाच्या मूल्यमापनाला) 60 आणि संकलितला (सत्राअखेरच्या चाचणीला) 40 टक्के भार असतो. आकारिकचे गुण वर्गशिक्षकच देतात, बहुतेक ठिकाणी हात सैल असतो. म्हणून संकलितच्या लेखी चाचणीचे कच्चे गुण घ्या.

गैरहजर मुलाच्या घरात शून्य टाकू नका, ‘गै’ लिहा. एक्सेल शून्य सरासरीत धरतं, अक्षर सोडून देतं. पण ‘गै’ किती, हे सरासरीच्या शेजारी लिहिलंच पाहिजे. का, ते बघा.

समजा चौथीची 50 गुणांची पायाभूत चाचणी झाली. अकरा मुलांचे गुण: 8, 9, 11, 22, 24, 25, 27, 28, 30, 33, 36. सरासरी 23. जानेवारीत द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, पहिली तिघं आई-बापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागांवर गेली. एप्रिलच्या चाचणीला आठच बसली आणि सरासरी आली 28.5. कागदावर साडेपाच गुणांची प्रगती! आता त्याच आठ जणांची पायाभूतची सरासरी काढा: 225 भागिले 8, म्हणजे 28.1. खरी वाढ अर्ध्या गुणाचीही नाही. वर्ग सुधारला नाही, मागची मुलं निघून गेली.

म्हणून तुलना कायम दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच करायची. बाकीच्यांची वेगळी यादी ठेवा: गेलेली, मधेच आलेली, दाखला नेलेली. 30 सप्टेंबरचा पट आणि एप्रिलचा पट यातला फरक या यादीने पुरता जुळला पाहिजे. एक मूल जरी उरलं तरी ते कुठं आहे, हे शोधायचं काम बाकी आहे. हंगामी जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं) दिलं का, हेही तिथंच नोंदवा. जातीच्या रकान्याची घाई तेवढी नसते. पेठ-सुरगाण्यात अख्खा वर्ग अनुसूचित जमातीचा असतो, तेव्हा त्या रकान्यातून काहीच उलगडत नाही. घरची भाषा मात्र पुष्कळ सांगते: कोकणा, वारली की भिल्ली, बागलाण-कळवणकडे अहिराणी. पहिलीतल्या मुलाला पुस्तकातली मराठी कळली नाही तर गणितातली शाब्दिक उदाहरणंही अडतात.

मिश्र पटाच्या शाळेतही दोन-तीन मुलांच्या गटावरून ‘अमुक समाजाची मुलं मागे’ असं लिहू नका. ते निदान नव्हे, आणि गावात कोणाबद्दल लिहिलंय ते लगेच कळतं. अमेरिकेत सरकारी शाळांचे आकडे जाहीर होतात, पण बऱ्याच राज्यांत दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा निकाल छापत नाहीत. तेवढी शिस्त आपल्या फलकावरही पाळता येईल. मुलगे-मुली किंवा दूरचे-जवळचे असे गट पाडायचे तर तीन वर्षांची मुलं एकत्र मोजा.

हजेरीचा हिशेब सोपा आहे. पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरायची असते, सहावी ते आठवीला 220. 20 दिवसांवर खाडा असलेल्या मुलांच्या ओळी रंगवा आणि तक्ता गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा. रंग तळाला गोळा झाला तर आधी हजेरीचं बघा. तो सगळीकडे विखुरला असेल तर शिकवण्यात किंवा चाचणीत शोधा.

वाचनाची पातळी लेखी पेपरवरून कळत नाही. मुलाला एकट्याला बसवा, तीन मिनिटं पुरतात. पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो. चार सोप्या वाक्यांचा नवा उतारा द्या. वाचला तर गोष्ट, अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. जिथवर जमलं ती पातळी लिहा. ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्च, अशा तीन फेऱ्या करा. डिसेंबरची टाळू नका, हंगामी मुलांची त्या वर्षातली शेवटची नोंद बऱ्याचदा तीच असते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे बैठकीत ओळीओळीचा तक्ता फिरवू नका. एका कागदावर चारच आकडे न्या: सप्टेंबरचा पट, एप्रिलचा पट, दोन्ही चाचण्या दिलेली मुलं आणि त्यांच्यात उतारा वाचणारी किती. आकडे टक्क्यांत नकोत, ‘आठांपैकी पाच’ असे लिहा.