मोरचूद, हळद आणि संशोधनाची पहिली वर्षे

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन शिकणारे विद्यार्थी संशोधनाविषयी विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न विषयाच्या नावाचा असतो: पुढे कशाला वाव आहे, सध्या काय चालते? माझे स्वतःचे काम कमी मितींच्या क्वांटम चुंबकत्वावर झाले. साताऱ्यात अध्यापन करू लागल्यापासून वनस्पतिजन्य औषधी संयुगांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर एकाच उपकरणकक्षात वावरण्याची संधी मला मिळाली. हे दोन विषय वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे आहेत. तरीही दोन्हींतील सुरुवातीच्या वर्षांचे काम एकाच प्रश्नाभोवती फिरते. आपल्या हातातील नमुना नेमका काय आहे, आणि त्यात आपल्याला नको असलेले किती आहे? या प्रश्नाचा ज्याला कंटाळा येत नाही त्याने यांपैकी कोणताही विषय निःशंकपणे निवडावा.

तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागायतदाराच्या घरी मोरचूद अपरिचित नसते. केवडा रोगाला आळा घालण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर तेच वापरतात. या निळ्या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक आयनावर एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो, म्हणजेच प्रत्येक आयन हा अर्ध्या स्पिनचा एक सूक्ष्म चुंबक असतो. स्फटिकातील तांब्याची स्थाने दोन प्रकारची असून त्यांपैकी एका प्रकारच्या स्थानांवरचे स्पिन परस्परांशी जोडले जाऊन साखळ्या तयार करतात. ही जोडणी फार दुबळी, तापमानाच्या भाषेत सुमारे ३ केल्विन एवढीच आहे, त्यामुळे खोलीच्या तापमानाला तिचा मागमूसही लागत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हाच स्फटिक केल्विनच्या एक दशांशापर्यंत थंड करून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा करण्यात आला. न्यूट्रॉनाने साखळीत घडवलेला एक स्पिनबदल एकसंध न राहता दोन अर्ध्या भागांत फुटतो आणि ते भाग साखळीतून स्वतंत्रपणे प्रवास करतात. त्यांना स्पिनॉन म्हणतात. एकूण प्रतिसादापैकी ७१ टक्के भाग दोन स्पिनॉनांच्या हिशेबाने आणि चार स्पिनॉनांचा हिशेब मिळवल्यास जवळजवळ सगळाच उलगडतो, असे त्या मोजमापातून दिसले. प्रयोगासाठी स्फटिक मात्र साध्या पाण्यातून न वाढवता जड पाण्यातून वाढवावा लागला, कारण साध्या हायड्रोजनमुळे न्यूट्रॉन सगळ्या दिशांना विखुरतात आणि हवा तो संकेत त्या गोंधळात बुडतो. नमुना कोणत्या पाण्यातून वाढवला आहे, इथपर्यंत हा विषय काटेकोर आहे.

‘कमी मिती’ या शब्दप्रयोगाने नवागतांचा गोंधळ उडतो, म्हणून दोन शब्द. स्फटिक त्रिमितीच असतो; पण त्यातील चुंबकीय जोडणी एखाद्या दिशेने, किंवा एखाद्या प्रतलात, इतरांपेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ असली, की चुंबकत्वाच्या दृष्टीने तो पदार्थ एकमितीय किंवा द्विमितीय ठरतो. अशा पदार्थांत सर्व स्पिन शिस्तीने रांगेत उभे राहणे अवघड होते. १९६६ साली मर्मिन आणि वॅग्नर यांनी सिद्ध केले, की स्पिनला कोणत्याही दिशेस वळण्याची मुभा असेल आणि जोडणी जवळच्या शेजाऱ्यांपुरती असेल, तर एक किंवा दोन मितींमध्ये शून्याहून अधिक कोणत्याही तापमानाला ती शिस्त टिकू शकत नाही. बेथे यांनी अर्ध्या स्पिनच्या साखळीची अचूक उकल त्याआधीच, १९३१ साली, दिली होती. १९८३ साली हाल्डेन यांनी पूर्णांकी आणि अर्धपूर्णांकी स्पिनांच्या साखळ्या मुळातच वेगळ्या वागतात असे भाकीत केले, आणि २०१६ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. या क्षेत्रात भारतीय नावे पायाशीच आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांचे स्पिन-साखळीचे १९६९ चे प्रतिमान (मॉडेल), तसेच श्रीराम शास्त्री यांनी सदरलँड यांच्याबरोबर १९८१ साली मांडलेले प्रतिमान आजही रोजच्या वापरात आहे. त्यांपैकी दुसऱ्या प्रतिमानाशी जुळणारा खरा पदार्थ, स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट, १९९९ साली ओळखला गेला. आधी कागदावर मांडलेली रचना अठरा वर्षांनी स्फटिकात सापडावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

प्रयोगशाळा हाताशी नसली तरी या विषयाची सुरुवात करता येते. दोन अर्ध्या स्पिनांची जोडी हाताने सोडवावी. जोडणीच्या ताकदीला जे (J) म्हटले, तर सिंगलेट (एकूण स्पिन शून्य) अवस्थेची ऊर्जा उणे तीन चतुर्थांश जे, ट्रिपलेटची (एकूण स्पिन एक) अधिक एक चतुर्थांश जे, आणि दोहोंतील अंतर बरोबर जे. त्यानंतर चार स्पिनांचे कडे घ्यावे. पुढे पायथॉनमध्ये बारा स्पिनांच्या साखळीचे मॅट्रिक्स मांडावे. त्यात ४,०९६ अवस्था असतात आणि साध्या लॅपटॉपला ते झेपते. वीस स्पिनांना ही संख्या दहा लाखांपलीकडे जाते, आणि या क्षेत्रात इतक्या निरनिराळ्या संगणकीय पद्धती का शोधाव्या लागल्या हे तिथे कोणी न सांगताही समजते. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी असलेली जोडणी शेजाऱ्याच्या जोडणीच्या निम्मी ठेवून मजुमदार-घोष यांचे उत्तर स्वतःच्या आज्ञावलीतून मिळवणे, हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम प्रकल्प आहे.

प्रायोगिक काम करायचे असेल तर मनाची तयारी वेगळी लागते. ऑक्साइड आणि कार्बोनेटच्या भुकट्या मोजून घेणे, अगेटच्या खलात तासन्‌तास घोटणे, गोळी दाबून भट्टीत तापवणे, ती पुन्हा फोडून घोटणे, आणि प्रत्येक फेरीनंतर एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (स्फटिकरचना ओळखण्याच्या पद्धतीचा) आलेख पाहणे यांत पहिले वर्ष जाते. डिफ्रॅक्शनच्या आलेखात परकी शिखरे दिसली नाहीत म्हणजे नमुना शुद्ध झाला, असे समजणे धोक्याचे आहे. एक-दोन टक्क्यांची भेसळ त्यात सहज लपते. ती किती महाग पडते याचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. ससेप्टिबिलिटी म्हणजे बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप. अर्ध्या स्पिनच्या साखळीत जोडणी १०० केल्विन असेल तर ६४ केल्विनच्या आसपास या मापाचा एक रुंद उंचवटा दिसतो आणि त्याची उंची प्रतिमोल सुमारे ०.००२२ इमू (या मापाचे एकक) येते. आता त्याच नमुन्यात तांब्याचे फक्त एक टक्का आयन साखळीबाहेर मोकळे राहिले आहेत असे धरा. क्यूरीच्या नियमाने (मोकळ्या आयनांचा प्रतिसाद तापमान उतरेल तसा वाढतो) २ केल्विनला त्यांचा एकट्यांचा प्रतिसाद ०.००१९ इमू होतो, म्हणजे संपूर्ण साखळीच्या कमाल प्रतिसादाच्या जवळपास तेवढाच. नेमके ज्या तापमानाला नवे भौतिकशास्त्र शोधायचे, तिथे एक टक्का उपरे आयन नव्व्याण्णव टक्क्यांना झाकून टाकतात. साखळीत ऊर्जेची पोकळी (सर्वांत खालच्या अवस्थेतून वर जाण्यास लागणारी किमान ऊर्जा) आहे की नाही, हा सगळा वाद आलेखात वर चढणाऱ्या या उपऱ्या शेपटीच्या वजाबाकीवर ठरतो. त्यामुळे नमुना बनवण्याचे काम दुय्यम मानणाऱ्या विद्यार्थ्याला मी या विषयात येण्याचा सल्ला देत नाही.

औषधी संयुगांकडे वळले, की हाच हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. भट्टीत काय घातले ते आपल्याला ठाऊक असते, पण वनस्पतीत काय आहे ते आधी शोधावे लागते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्यावर काम करण्याची इच्छा इथल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना असते. ती इच्छा रास्त आहे, मात्र ‘बाजारातून हळद आणली’ या वाक्याने प्रबंधाची सुरुवात करू नये. वाण सेलम की आणखी कोणता, कोणत्या गावचे शेत, काढणी कोणत्या महिन्यातली, कंद शिजवून वाळवला की कच्चाच कापून वाळवला, पॉलिश केले की नाही, साठवण किती काळ झाली, यांतल्या प्रत्येक गोष्टीने घटकांचे प्रमाण बदलू शकते. ज्याच्या घरी हळद पिकते, त्या विद्यार्थ्याकडे ही सगळी माहिती पहिल्या हाताने असते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेलाही ती सहजी मिळत नाही.

हळदीतून कर्क्युमिन प्रथम वेगळे केले गेले ते १८१५ साली, आणि त्याची रचना १९१० साली निश्चित झाली. इतके जुने संयुग असूनही बाजारात ‘कर्क्युमिन’ म्हणून मिळणारी पिवळी भुकटी हे सहसा तीन सख्ख्या संयुगांचे मिश्रण असते; त्यात खऱ्या कर्क्युमिनचा वाटा साधारण तीन चतुर्थांश. क्लोरोफॉर्ममध्ये थोडे मेथॅनॉल मिसळून पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची पट्टी चालवली, तर तीन पिवळे ठिपके स्पष्ट दिसतात आणि त्यांत सर्वांत वर कर्क्युमिन असते. ही चाचणी कोणत्याही पदवी महाविद्यालयात होऊ शकते. पुढे घटक वेगळे करण्यासाठी सिलिका जेलचा स्तंभ, त्यांचे प्रमाण मोजण्यासाठी एचपीएलसी, आणि रचना ओळखण्यासाठी वस्तुमान वर्णपट व एनएमआर अशी वाट आहे.

संयुग शुद्ध झाले म्हणजे काम संपले असेही नाही. कर्क्युमिन उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात बहुतांश विघटित होते. ते स्वतः रंगीत आणि प्रकाशमान असल्याने रंगावर किंवा प्रतिदीप्तीवर आधारलेल्या अनेक जैविक चाचण्यांत खोटा होकार देते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला असून, नवागताने संशोधनाचा आराखडा लिहिण्याआधी तो वाचावाच. ‘अमुक अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ हे वाक्य लिहिणे फार सोपे आहे. कोणत्या संयुगाने, किती प्रमाणात, निरोगी पेशींवर काय परिणाम होऊन, आणि चाचणीच्या रंगाशी अर्काच्या रंगाची गल्लत न होता, हे सांगणे म्हणजे संशोधन. या बाबतीत मी कठोर आहे, कारण अशा वाक्यांवर विश्वास ठेवणारे रुग्ण आपल्याच गावांत असतात.

साताऱ्याच्या घाटमाथ्यावरचा नरक्या हा वृक्ष याच्या नेमका उलट, म्हणजे शेवटास गेलेल्या संशोधनाचा दाखला आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्याकडच्या नरक्यात असल्याचे दाखवले. मूळ संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रक्ताच्या किंचित अल्कधर्मी माध्यमात त्याचे एक वलय उघडून ते निष्प्रभ होते, म्हणून त्यात फेरबदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली व १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. तीस वर्षांचा हा प्रवास आहे. या मागणीपायी सह्याद्रीतील नरक्याची बेसुमार तोड झाली, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. कोयना आणि चांदोली परिसर आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही. परदेशी सहकारी असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील मंजुरी आधी घ्यावी लागते. गोळा केलेल्या वनस्पतीचा वाळवलेला नमुना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण अथवा आघारकर संशोधन संस्थेकडे नेऊन ओळख पटवून घ्यावी आणि मिळालेला क्रमांक प्रबंधात लिहावा. ही कागदपत्रे आधी केली नाहीत तर नंतर ती उभी करता येत नाहीत.

परीक्षांविषयी थोडक्यात. भौतिकशास्त्राला नेट, गेट आणि जेस्ट (संशोधन संस्थांची संयुक्त प्रवेशपरीक्षा). रसायनशास्त्राला नेट आणि गेट. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती हुकली तरी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांची पात्रता तपासावी. आपल्या भागातील अनेक पीएच.डी. त्यांच्यावरच पूर्ण झाल्या आहेत. उपकरणांसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सोय आहे. अतिशीत तापमानाच्या चुंबकीय मोजमापांसाठी यूजीसी-डीएई संशोधन संकुलाच्या इंदूर आणि मुंबई केंद्रांकडे विद्यापीठ-महाविद्यालयांतील संशोधकांना प्रस्ताव पाठवता येतो, आणि न्यूट्रॉन प्रयोगांसाठी मुंबईच्या तुर्भ्याची (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टी आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नये. त्यांच्या गटातील विद्यार्थ्यांनी नमुने स्वतः बनवले का, आणि मोजमापाच्या वेळी ते स्वतः उपकरणापाशी होते का, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. नमुना कुरिअरने पाठवून आलेख ई-मेलने मागवण्याची पद्धत काही ठिकाणी रुळली आहे. तिथे पदवी मिळते, पण हात तयार होत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. शोधनिबंधाची भाषा मर्यादित आणि पुनरावृत्तीची असते, त्यामुळे एकाच उपविषयाचे दहा-बारा निबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचले की ती आटोक्यात येते. मुलाखतीत अडचण येते ती बहुधा भाषेमुळे नव्हे. ‘तुमच्या प्रकल्पातील नमुना शुद्ध होता हे कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर नसते, ही खरी अडचण. म्हणून एम.एस्सी.चा प्रकल्प लहान घ्यावा, पण तो असा घ्यावा: मोरचुदाचा किंवा कॉपर पायराझिन नायट्रेटचा स्फटिक पाण्यातून सावकाश वाढवून त्याची रचना तपासणे, किंवा आपल्या शेतातील हळद कच्ची आणि शिजवलेली अशी दोन्ही घेऊन तिन्ही संयुगांचे प्रमाण मोजणे. त्याचा दोन पानी अहवाल, चुकलेल्या मोजमापांसकट, मार्गदर्शकांना लिहिलेल्या पत्रासोबत जोडावा. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी अधिछात्रवृत्तीचे अर्ज सहसा आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात, त्यामुळे हा अहवाल दिवाळीपर्यंत तयार असलेला बरा.