संशोधनासाठी अनुदान मिळालंय? मेडिकलच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

अनुदान मंजूर झाल्याचा मेल आला की पहिला फोन घरी जातो आणि स्क्रीनशॉट बॅचच्या ग्रुपवर. मेलला जोडलेली अटींची फाईल मात्र बहुतेक जण थेट रिपोर्टची मुदत संपायला चार दिवस उरले की उघडतात. विद्यार्थ्यांचे वस्तीपातळीवरचे प्रकल्प मी बरीच वर्षं जवळून पाहतो आहे. संख्याशास्त्रात चुकून प्रकल्प बुडाल्याची उदाहरणं त्यात थोडीच सापडतात. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच असतं: अनुदानाला बक्षीस समजणं. सही केली की आपण तिघांचं देणं लागतो. पैसे देणारी संस्था, एथिक्स कमिटी (माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे ना, हे तपासून मंजुरी देणारी समिती), आणि ज्यांच्या दारात आपण फॉर्म घेऊन उभे राहणार ते लोक. पहिल्या दोघांची स्मरणपत्रं येतात, तिसऱ्यांची येत नाहीत. त्यामुळे सगळ्यात जास्त थकतं ते तिसरं देणं.

अटी न वाचता सही करणं

निदान चार गोष्टी शोधा. पैसे एकरकमी मिळणार की हप्त्यांनी, आणि दुसरा हप्ता प्रगती अहवालावर अडतो का? रिपोर्टच्या तारखा कोणत्या? विकत घेतलेली उपकरणं शेवटी कोणाच्या मालकीची? शोधनिबंधात संस्थेचा उल्लेख कोणत्या शब्दांत आणि कोणत्या अनुदान क्रमांकासह करायचा? तारखा परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लिहून काढा, म्हणजे टक्कर कुठे होणार ते त्याच दिवशी दिसेल. मुदतवाढ मागायला लाज वाटू देऊ नका. जास्तीचे पैसे न मागता केलेली वेळेची विनंती अनेक संस्था मान्य करतात, पण ती मुदत संपण्याआधी पोहोचावी लागते. मुदत उलटून गेल्यावर पाठवलं तर ते स्पष्टीकरण ठरतं.

‘नुसता पायलट (छोटी पूर्वचाचणी) आहे’ म्हणून मंजुरीआधीच माहिती गोळा करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती करणारी मुलं सहसा मेहनती असतात. सुट्टी लागलेली असते, एथिक्स कमिटीची बैठक पुढे गेलेली असते, म्हणून ‘तोपर्यंत वीस घरं करून घेऊ’ असं ठरतं. त्या वीस घरांतल्या लोकांवर झालेलं कामही संशोधनच आहे. १९६४ साली स्वीकारलेल्या आणि नंतर अनेकदा सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक तत्त्वांच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात, हे सरळ लिहिलं आहे की, आराखडा कमिटीपुढे जायचा तो अभ्यास सुरू होण्याआधी. मागच्या तारखेने मंजुरी द्यायला कमिट्या सहसा तयार होत नाहीत, आणि जर्नलवाले मंजुरी क्रमांकाबरोबर तारीखही बघतात.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे मधेच प्रश्नावली बदलणं. पंचविसाव्या घरी लक्षात येतं की ‘तुम्ही नियमित औषध घेता का?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. मग कोणीतरी पेनाने बाजूला लिहितं, ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस चुकलं?’ प्रश्न सुधारला हे खरंच. पण आता निम्मे फॉर्म एका प्रश्नावलीचे आणि निम्मे दुसरीचे, आणि कमिटीने पाहिलेला कागद तिसराच. बदल हवा असेल तर काम थांबवा, दुरुस्तीचा अर्ज द्या, मंजुरी मिळाली की पुढे जा.

चूक आधीच झाली असेल तर? लपवू नका. गाईडला सांगा आणि कमिटीला लेखी कळवा: किती लोकांकडून, कोणत्या तारखांना, कोणती माहिती घेतली. ती माहिती बहुधा विश्लेषणातून बाजूला ठेवावी लागेल. वीस घरं जातील, पण प्रकल्प वाचेल. तारखा बदलून फॉर्म पुन्हा भरणं ही मात्र चूक राहत नाही, ती बनावटगिरी होते.

हिशेब शेवटी बघू म्हणणं

हिशेबाची चूक बहुतेक वेळा बेइमानीतून होत नाही, आळसातून होते. प्रवासाचे पैसे संपतात, कारण दिवसा घरी कोणी भेटत नाही आणि संध्याकाळच्या जास्तीच्या फेऱ्या कराव्या लागतात. मग झेरॉक्सच्या हेडमधले, म्हणजे त्या खर्चासाठी मंजूर झालेले, पैसे तिकडे वळवले जातात. प्रत्यक्षात हेड बदलायला परवानगी लागते आणि ती साध्या मेलवर मिळूही शकते, फक्त खर्च करण्याआधी विचारायला हवं. उरलेली रक्कम परत करायची असते, ती शेवटच्या आठवड्यात पेनड्राइव्ह घेऊन ‘संपवायची’ नसते.

एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. दुकानातल्या छोट्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती थर्मल कागदावरची असते. पाकिटात काही महिने राहिली की अक्षरं उडतात आणि लेखा विभागापुढे आपण कोरा कागद ठेवतो. एका विद्यार्थिनीच्या फाईलमध्ये मी अशा अकरा कोऱ्या पट्ट्या पाहिल्या आहेत, नीट तारखेनुसार लावलेल्या. पावती मिळाली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि मागे कशासाठी खर्च झाला ते लिहा.

सही मिळाली म्हणजे संमती मिळाली असं मानणं

ओळखीची आरोग्य कार्यकर्ती सोबत असली की दारं पटापट उघडतात. पण तीच बाई त्या घराच्या लसीकरणाची, औषधांची सोय बघत असते, तिच्यासमोर ‘नको’ म्हणणं अवघड जातं. तिने ओळख करून द्यावी आणि प्रश्न सुरू व्हायच्या आधी पुढे निघून जावं, एवढं आधीच ठरवून ठेवा. भाग घेतला नाही तरी उपचारांत फरक पडणार नाही, हे तोंडी सांगा. माहितीपत्रकात ते आठव्या ओळीत असतं आणि तिथवर कोणी वाचत नाही. अजून एक खूण: पन्नास घरांत एकही नकार आला नसेल, तर खूश होण्याआधी आपण विचारतो कसं ते सोबत्याला ऐकायला सांगा.

बीपी मोजलं, आकडा लिहिला, पुढच्या घरी निघालो

समजा मशीनवर १९०/१२४ दिसलं. फॉर्ममध्ये चौकट आहे, आकडा भरला. आता पुढे काय? अनेक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, याचं उत्तरच नसतं, आणि तिसऱ्या वर्षाचं पोर दारात उभं राहून गाईडला फोन लावत बसतं. हे आधीच लिहून ठेवायला हवं. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजायचं. आकडा १८०/१२० च्या वर राहिला आणि छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं, बोलण्यात किंवा हातापायात फरक असं काही असेल, तर त्याच वेळी तातडीच्या उपचारांसाठी पाठवायचं. लक्षणं नसली तरी डॉक्टरकडे लवकर जाण्याची चिठ्ठी आणि दोन दिवसांनी विचारपूस. औषध आपण लिहून द्यायचं नाही, आपण अजून डॉक्टर नाही. पण ‘मी फक्त डेटा घ्यायला आलो होतो’ हेही चालणार नाही. नैराश्यावरच्या प्रश्नावलीत जीव द्यावासा वाटण्याबद्दल प्रश्न असेल, तर ‘हो’ आल्यावर कोणाला फोन करायचा, तो नंबर खिशात असल्याशिवाय वस्तीत जाऊ नका.

डेटा फोनमध्ये, नावांसकट

भरलेल्या फॉर्मचे फोटो ग्रुपवर टाकणं थांबवा. नावं आणि कोड क्रमांक यांची यादी एका जागी कुलपात, उत्तरांची शीट दुसरीकडे, इतकी साधी शिस्त पुरते. लहान वस्तीत नाव काढून भागतही नाही. ‘वय ६२, विधवा, शिवणकाम’ एवढ्यावरून शेजारी माणूस ओळखतात.

आणि एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायचा मोह आवरा. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० च्या दशकात ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं, ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी या समजुतीने. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनियापासून जमातीच्या मूळस्थानापर्यंतचे अभ्यास झाले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये तडजोड झाली. युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. तुमच्याकडे एक्सेल शीट आहे, रक्त नाही, पण तत्त्व तेच आहे. संमतीपत्रात जे लिहिलं तेवढंच.

शोधनिबंधावरच्या लेखकांच्या नावांचा वाद इथे थोडक्यात उरकतो. वैद्यकीय जर्नल-संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. नुसता निधी मिळवून दिला, एवढ्यावर नाव येत नाही. कोणाचं नाव कितवं, हे पहिल्या महिन्यात मेलवर ठरवा.

रिपोर्ट दिला, विषय संपला

निष्कर्ष ‘काहीच फरक आढळला नाही’ असा निघाला की रिपोर्ट रेंगाळतो. हेलसिंकी जाहीरनामा नकारात्मक आणि अनिर्णित निष्कर्षही लोकांसमोर आणायला सांगतो, आणि कमिटीलाही शेवटचा अहवाल द्यायचा असतो.

पण खरी थकबाकी वस्तीत असते. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. निष्कर्ष कळवण्याचं आश्वासन न पाळणं हा त्यात अनादराचा नेहमी दिसणारा नमुना म्हणून सांगितला आहे. मी विद्यार्थी असताना एका म्हाताऱ्या बाईंनी मला दारातच विचारलं होतं, “मागच्या खेपेला तुमच्यासारखीच पोरं आली होती, माझं वजन लिहून घेतलं. त्याचं काय झालं?” मला माहीत नव्हतं. ग्रंथालयात शोधल्यावर तो प्रबंध सापडला, कापडी बांधणीचा, बाहेर नेल्याची एकही नोंद नसलेला.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांकडून एक पानी गोषवारा करून घेतो. त्यात टक्केवारीऐवजी ‘दहांपैकी चार जणांना’ असं लिहायचं, आणि छापण्याआधी वस्तीतल्या एका माणसाला वाचून दाखवायचा. गेल्या वेळी ‘रक्तक्षय’ वाचल्यावर समोरच्या बाई म्हणाल्या, “क्षय? म्हणजे टीबी?” आम्ही ती ओळ तिथेच खोडली आणि लिहिलं, ‘अंगात रक्त कमी असणं’.