फायटर माशांची जोडी लावण्याआधी पिल्लांचं खाद्य तयार ठेवा

फायटरची अंडी कुणालाही मिळतात. पिल्लं जगवतो तोच खरा ब्रीडर. म्हणून आठवडाभर आधी इन्फ्युसोरिया (पिल्लांचं पहिलं खाद्य असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव) लावा: बरणीत टाकीचंच जुनं पाणी, त्यात कोबीचं सुकं पान, आणि बरणी उजेडात.

टाकीत पाणी 12 ते 15 सेंमी, तापमान 27-28 अंश. तळाला वाळू नको, खाली पडलेली अंडी नराला तिच्यात सापडत नाहीत. फिल्टर स्पंजचा, हवा अगदी मंद. पाणी हललं की नर अंड्यांसाठी पाण्यावर बांधतो ते बुडबुड्यांचं घरटं फुटतं. देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं तर उत्तम. मादी आधी काचेच्या बरणीत ठेवून नराला दाखवा. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले आणि घरटं तयार झालं, की सोडा.

अंडी घालून झाली की मादी लगेच बाहेर, नाहीतर नर तिला फाडतो. एक-दोन दिवसांत पिल्लं फुटतात आणि घरट्याखाली उभी लोंबतात. ती आडवी पोहू लागली की नरही काढा.

सुरुवातीचे काही दिवस इन्फ्युसोरिया, मग ताजा आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक खाऱ्या पाण्यातला जीव). त्याची अंडी अशी उबवा: लिटरला 25 ग्रॅम मीठ, जोरात हवा, साधारण 24 तास. अंड्यांची टरफलं वर तरंगू द्या आणि आर्टेमियाची खालची नारिंगी पिल्लंच माशांना द्या. टरफलांनी आतडं तुंबतं.

झाकण घट्ट ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं वरची हवा घेऊ लागतात, तेव्हा गार वारा लागला तर बरीचशी मरतात.

वहीत आई-बाप, तारीख, रंग, शेपटीचा प्रकार लिहा. पाठ वाकडी असलेला मासा कितीही सुंदर रंगाचा असो, पैदाशीला वापरू नका.