सांधा सटकून परत बसला, तरी काय करावे?

उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना पाय घसरतो, तोल सावरायला हात झटक्याने वर जातो, खांद्यात ‘कट्’ होते, क्षणभर हात जागचा सुटल्यासारखा वाटतो आणि लगेच बसतो. बीड-धारूरकडचा ऊसतोड मजूर ‘खांदा सटकला होता’ एवढेच म्हणून तासाभराने पुन्हा मोळी उचलतो. हेच सांध्याचे अर्धवट निखळणे, डॉक्टरांच्या भाषेत सबलक्सेशन. पूर्ण निखळताना हाडांची टोके एकमेकांपासून साफ सुटतात. यात ती सरकतात, पण थोडी टेकलेली राहतात. सांधा आपोआप बसला म्हणजे इजा झाली नाही, असे मात्र समजू नये. हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध त्या क्षणी ताणलेले किंवा फाटलेले असू शकतात, आणि ते सैल राहिले तर पुढे अंगात सदरा घालतानाही खांदा सटकू लागतो.

असे झाल्यावर सर्वप्रथम काम थांबवावे. सांधा अजून जागेवर आला नसेल, तर तो ओढून, झटका देऊन किंवा तेल चोळून बसवू नये. गावात हाड बसवणाऱ्या जाणत्या माणसावर लोकांचा विश्वास असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु हाडाला तडा गेला आहे का, हे बोटांना कळत नाही, त्यासाठी एक्स-रेच लागतो. हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत ठेवून उपरण्याची किंवा ओढणीची झोळी गळ्यात बांधावी. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी तसेच करावे. बर्फ न मिळाल्यास माठाच्या पाण्यात भिजवलेला पंचा चालतो. या दोन दिवसांत शेक आणि मालिश टाळावे.

झोळी बांधल्यावर लगेच त्या हाताच्या बोटाचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. तसे झाले नाही, बोटे थंड किंवा बधिर पडली, खांद्याची बाहेरची बाजू बधिर वाटली किंवा सांधा वाकडा दिसला, तर १०८ वर फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. यातले काही नसले, तरी एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावेच. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय आहे.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. एसटीच्या उंच पायरीवर घाईघाईने चढवताना आई मुलाचा एकच हात धरून त्याला वर ओढते आणि मूल रडून हात लुळा सोडते. १ ते ४ वर्षांच्या मुलांत कोपराजवळचे हाड त्याच्या भोवतीच्या बंधातून असे सहज सरकते. सूज बहुधा नसते. मूल हात किंचित वाकवून, तळवा खाली करून अंगाशी धरते आणि त्या हाताने खाऊसुद्धा घेत नाही. डॉक्टर हे थोडक्या हालचालीत बसवतात आणि बहुतेक मुले दहा-पंधरा मिनिटांत तो हात वापरू लागतात. मुलाला नेहमी दोन्ही काखांत हात घालून उचलावे. अर्धांगवायूच्या रुग्णालाही लुळ्या हाताला धरून कधीच उठवू नये, कारण त्याचा खांदा हाताच्या वजनानेच खाली सरकलेला असू शकतो.

झोळी किती दिवस ठेवायची, हे डॉक्टरांना विचारावे. ती गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली तर खांदा आखडतो. म्हणून झोळीत असतानाही बोटे आणि मनगट हलवत राहावे.

खरा उपचार पुढे आहे आणि नेमका तोच बहुतेकांकडून सुटतो. फाटलेले बंध पूर्वीइतके घट्ट होतीलच असे नाही, त्यामुळे सांध्याला धरून ठेवण्याचे काम स्नायूंना करावे लागते. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी टेकवावे, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरावी आणि मूठ भिंतीवर पाच सेकंद दाबून सोडावी. असे दहा वेळा, आधी तळव्याच्या बाजूने आणि मग मुठीच्या मागच्या बाजूने. दुखल्यास जोर कमी करावा. पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रबरी पट्टा ओढण्याचे व्यायाम येतात. याला अनेक आठवडे लागतात. दोन्ही हातांत सारखी ताकद आल्यावर आणि हात न दुखता पूर्ण फिरू लागल्यावरच ओझे उचलावे. तेही आधी लहान मोळीपासून, आणि हात डोक्यावरून मागे जाईल असे काम सर्वांत शेवटी.