सिंगापूरला निघताय? खेड्यातून जाणाऱ्यांनी या चुका टाळा

परदेशवारीची माहिती देणारे बहुतेक लेख मुंबई-पुण्याच्या माणसाला समोर ठेवून लिहिलेले असतात. विमानतळ तासाभरावर, हातात पगाराची स्लिप आणि खिशात क्रेडिट कार्ड आहे, असं त्यात धरूनच चाललेलं असतं. पुसद, आर्वी, चामोर्शी किंवा मेहकरकडच्या खेड्यातून निघणाऱ्या कुटुंबाचं तसं नसतं. इथे सातबारा असतो, जिल्हा बँकेचं पासबुक असतं आणि विमानतळ गाठायलाच अर्धा दिवस जातो. आमच्या सेवा केंद्रावर पासपोर्टचा फॉर्म भरायला मुलाकडे जाणारे आईवडील येतात, तशीच पोरांच्या सुट्टीत स्वतःच्या पैशाने सिंगापूर बघायला निघालेली शेतकरी कुटुंबंही येतात. त्यांची गाडी ठरावीक ठिकाणीच अडते, आणि त्यातलं बरंचसं निघण्याआधी गावातच निस्तरता येतं.

नाव आणि जन्मतारीख आधी जुळवा

एका काकूंचे कागद टेबलावर मांडले तर आधारवर बेबीबाई, शाळेच्या दाखल्यावर बेबी, बँकेत बेबीताई. जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, दाखल्यावर जून महिन्यातली. वयस्कर माणसांच्या कागदांत हा घोळ घरोघरी सापडतो. अर्ज भरून अपॉइंटमेंट घ्यायची आणि मग तिथल्या खिडकीवरून परत यायचं, यात महिना जातो. त्यापेक्षा आधी एक कागद पक्का ठरवा, बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्या आणि मगच पासपोर्टला हात लावा. पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांमुळे आता अनेकांना नागपूरला जावंच लागत नाही. पण पोलीस पडताळणीच्या दिवसांत माणूस गावात हवा. लग्नसराईत सगळं घर बाहेरगावी आणि शिपाई दाराला कुलूप बघून परत, असं होऊ देऊ नका.

फॉर्ममधला आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. पुढे विमानाचं तिकीट काढताना पासपोर्टवरचीच अक्षरं जशीच्या तशी उतरवा. पासपोर्टवर 'विठ्ठलराव' असेल तर तिकिटावर नुसतं 'विठ्ठल' चालवून घेऊ नका.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी लागण्याचा, शेरा येतो आणि घरात भीती पसरते की आता जाता येणार नाही. ती परवानगी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. फिरायला जाणाऱ्याला लागत नाही, आणि सिंगापूर तर त्या देशांच्या यादीतच नाही. पासपोर्टची मुदत मात्र प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो साधारणपणे अधिकृत एजंटामार्फत काढला जातो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे आणि ते व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. त्यावर एजंट स्वतःचे किती घेतो, हे आधी लिहून मागा. शेतकऱ्याकडे इन्कम टॅक्सचं रिटर्न नसलं म्हणून सगळं संपत नाही. सातबारा, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या आणि सहा महिन्यांचं नीट चाललेलं खातं एजंटाला दाखवा. अर्जाच्या आदल्या दिवशी भावाकडून उसने आणलेले तीन लाख खात्यात टाकणं ही सगळ्यात वाईट युक्ती. स्टेटमेंट बघणाऱ्याचा डोळा पहिल्यांदा तिथेच जातो.

प्रवास गावातून मोजा, विमानतळावरून नाही

नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. मुंबई, चेन्नई किंवा हैदराबादहून पुढे जावं लागतं. इथे दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढायचा मोह होतो. नागपूर-मुंबई एक, मुंबई-सिंगापूर दुसरं. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं गेलं, तर पैसे तुमचे बुडतात, कारण दुसऱ्या कंपनीचा पहिल्या तिकिटाशी काही संबंध नसतो. शिवाय मुंबईत सामान काढून घेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि टर्मिनलही बदलू शकतं. पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

नागपूरच धरून बसायचीही गरज नाही. सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं आणि तिथून सिंगापूरला थेट विमान मिळतं. उमरखेडकडच्यांनीही नांदेडमार्गे हैदराबादचा हिशोब एकदा करून बघावा. अकोला, शेगाव, मलकापूरकडचे लोक विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरतात. ते चांगलंच आहे, पण त्याच दिवशीचं विमान धरू नका. गाडी लेट झाली तर स्टेशनवर हात चोळत बसण्यापलीकडे काही उरत नाही. एक दिवस आधी पोहोचा. पावसाळ्यात तर भामरागडकडचे रस्ते नाल्याच्या पुराने बंद पडतात, तेव्हा तिकडून निघणाऱ्यांनी दोन दिवसही जास्त समजू नयेत.

रात्री बारानंतरच्या विमानाची तारीख हमखास फसवते. तिकिटावर ११ तारीख, वेळ रात्री १:१५. म्हणजे तुम्हाला १० तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचं आहे. ११ च्या रात्री गेलेला माणूस चोवीस तास उशिरा पोहोचतो. परतीच्या तिकिटालाही हेच लागू, आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

खोली घेताना होणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात कमी विचार इथेच केला जातो. काय काय बघायचं याची यादी पानभर आणि राहायचं कुठे, तर 'बघू, तिथे गेल्यावर सापडेल.' सिंगापूर हे काही बसस्टँडसमोर लॉज शोधायचं गाव नव्हे. शिवाय पोहोचण्याआधी भरायच्या आगमन कार्डावर राहण्याचा पत्ता द्यावा लागतो.

शेगावच्या भक्तनिवासासारखी खोली डोळ्यासमोर असेल, जिथे गाद्या टाकल्या की सगळं घर मावतं, तर ती आधी विसरा. सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलात खोली शंभर-सव्वाशे चौरस फुटांची असते आणि किती माणसं राहणार ते बुकिंगमध्येच ठरतं. दोघांची खोली घेऊन चौघं गेलात तर काउंटरवर थांबवतात, आणि त्या वेळी मिळेल त्या भावाने दुसरी खोली घ्यावी लागते. पाच वर्षांच्या नातवालाही बुकिंगमध्ये लिहा, वयासकट. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. सासू आणि सून एका खोलीत राहणार असतील तर हा फरक महत्त्वाचा आहे.

दर इतका कमी कसा, याचं उत्तर पुष्कळदा खिडकीत असतं. तिथल्या स्वस्त खोल्यांना अनेकदा खिडकीच नसते आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तरण्या जोडप्याला ते चालून जाईल. अंगणात झोपायची सवय असलेल्या सत्तरीच्या माणसाचा त्या बंद खोलीत जीव घाबरतो. आईवडिलांसाठी खोली घेत असाल तर खिडकीचे दहा-वीस डॉलर वाचवू नका.

दुसरं कारण जागेचं. गेलांग भागात स्वस्त हॉटेलं खूप आहेत, पण त्यातल्या काही गल्ल्या तिथल्या लाल बत्तीच्या वस्तीच्या आहेत. बायकापोरांना घेऊन जाणाऱ्याने नकाशा बघून घ्यावा. आपल्या लोकांना लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क स्टेशनच्या आसपासची जागा सोयीची पडते. सेरंगून रोडवर शाकाहारी जेवण सहज मिळतं, कोमला विलास हे खानावळीचं हॉटेल तर १९४७ पासून आहे, आणि खरेदीचं मुस्तफा सेंटर पायी जाण्याच्या अंतरावर. रविवारी तिथे तमिळनाडूचे आणि बांगलादेशातले कामगार एकत्र जमतात आणि रस्ते भरून जातात. आठवडाभर राबून आपल्या माणसांना भेटायला आलेली ती मंडळी असतात, घाबरायचं कारण नाही. पण शांत झोप हवी असेल तर मुख्य रस्त्यापासून आतली खोली मागा.

दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली की गणित करा. पहिलं १० टक्के सेवा शुल्क, दुसरं ९ टक्के जीएसटी, आणि तो सेवा शुल्कावरही लागतो. १५० डॉलरची खोली मग जवळपास १८० ला पडते. चार रात्रींचे वरचे १२० डॉलर कुठून आले, असं शेवटच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

एखाद्याचं घर काही दिवसांसाठी भाड्याने घेण्याचा सल्ला बरेच जण देतात, स्वयंपाकघर मिळतं म्हणून. बाकीच्या देशांत चालत असेल. सिंगापुरात खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि सरकारी वसाहतीतल्या घरांना तर सहा महिन्यांची अट आहे. संकेतस्थळावर फोटो सुंदर असले तरी अशा घराच्या वाटेला जाऊ नका. पुतण्याच्या घरी पाहुणे म्हणून राहणं वेगळं, त्यात भाडं नाही. तरी तो स्वतः भाड्याने राहत असेल तर घरमालकाला आधी विचारायला सांगा.

पहाटे उतरणारं विमान घेतलं की खोली दुपारी दोन-तीनला मिळते, हे लक्षात राहत नाही. रात्रभर न झोपलेली म्हातारी माणसं मग हॉटेलच्या खुर्चीत बसून राहतात. सामान हॉटेल ठेवून घेतं, पण अंग टेकायला जागा नसते. एक तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या, नाहीतर दुपारी पोहोचणारं विमान बघा. उलट मध्यरात्री उतरलात तर मेट्रो बंद झालेली असते आणि टॅक्सीला मीटरवर निम्मे पैसे जास्त लागतात. दिवसा उतरलेल्यांसाठी विमानतळावरून मेट्रोने एक्स्पो स्टेशनला गाडी बदलली की डाउनटाउन लाइन थेट लिटल इंडियाला सोडते.

पहिलं बुकिंग फुकट रद्द करता येण्यासारखंच करा. व्हिसा हातात आला, तिकीट पक्कं झालं, की मग वाटल्यास स्वस्त आणि परत न मिळणाऱ्या दराकडे वळा.

'पैसे तं हायेत, मंग कार्ड काहून चालत नाही?'

हा प्रश्न तिथून फोन करून विचारला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशात वापरण्यापुरतं चालू असतं. परदेशी वापर आपण स्वतः ॲपमधून किंवा शाखेत जाऊन चालू करून घ्यावा लागतो. जिल्हा बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कार्डावर तर अवलंबून राहूच नका. फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून घ्यायचं कार्ड) आणि थोडे रोख सिंगापूर डॉलर असे दोन्ही ठेवा, आणि सगळं एकाच पाकिटात नको. खोली देताना बरीच हॉटेलं अनामत मागतात, त्यासाठी रोख उपयोगी पडते. ओटीपी ज्या नंबरवर येतो, त्याचं रोमिंग निघण्याआधी चालू करा. दुकानात मशीन 'रुपयात की डॉलरमध्ये' असं विचारतं, तेव्हा डॉलरच निवडा. रुपयाचा दर जवळपास नेहमी महाग पडतो.

टूर पॅकेज घेतलं तर कंपनी टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. शेतीचंच उत्पन्न असलेले लोक रिटर्न भरत नाहीत आणि ते पैसे तसेच राहून जातात. त्या वर्षी रिटर्न भरा, म्हणजे परत मागता येतात. पॅन देताना ज्याच्या नावाने कापलं जाईल त्याचाच द्या.

डब्यात काय आहे, ते एकदा उघडून बघा

खसखस. मसाल्यात, लाडवात, अनारशांवर ती आपल्याकडे इतकी सहज असते की तिचा विचारही मनात येत नाही. सिंगापुरात तिची गणना अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेल्या मालात होते. सुनेसाठी घरचा मसाला नेताना तो खसखशीशिवाय कुटा.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. आपल्याकडे दहा-बारा वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत पसरलेली ही सवय मला फार सलते, पण इथे मुद्दा कायद्याचा आहे. तंबाखू चघळायचा कोणताही माल सिंगापुरात नेता येत नाही. प्लास्टिकच्या पन्नीतली एक पुडीसुद्धा नको, पॅन्टच्या खिशात विसरलेलीही नको. सिगारेटला एकाही नगाची करसवलत नाही, च्युइंग गम १९९२ पासून बंद आहे, आणि रस्त्यावर थुंकणं हा गुन्हा आहे. दिवसभर खर्रा लागणाऱ्या माणसाला पाच दिवस अचानक बंद केल्यावर डोकं दुखणं, चिडचिड, झोप न लागणं असा त्रास होतो. त्याने महिनाभर आधीच डॉक्टरांशी बोलावं आणि हळूहळू कमी करत यावं. सुटली तर उत्तमच.

अडकित्ता हातातल्या बॅगेत ठेवला तर काढून घेतात. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत हवी. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर तिथल्या परवानगीचे नियम आधी तपासा. दुसऱ्याने 'आमच्या पोराला द्या' म्हणून दिलेला डबा तुमच्यासमोर उघडल्याशिवाय घेऊ नका, मग तो सख्ख्या शेजाऱ्याचा का असेना. तिथे अमली पदार्थाच्या तस्करीला फाशी आहे.

आगमन कार्ड पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचं असतं आणि ते सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते बंद करा.

येताना सोनं आणायचा बेत असेल तर एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. दागिन्यांवरची करसवलत वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून आलेल्यांना आहे, पाच दिवस फिरून आलेल्यांना नाही. आणि इथून जाताना अंगावर भारी दागिने असतील तर निघतानाच कस्टमकडे त्यांची नोंद करून कागद घ्या, नाहीतर परत येताना ते आपलेच होते हे सिद्ध करत बसावं लागतं. एक मंगळसूत्र आणि हातात दोन बांगड्या पुरतात, बाकीचं लॉकरमध्ये ठेवून जा.