फोटो छापायला देण्याआधी पिक्सेलचा हिशेब कसा करावा

मोबाइलवर झकास दिसणारा फोटो छापल्यावर फाटतो, म्हणजे धूसर आणि चौकोनी ठिपक्यांचा दिसतो, याचं कारण साधं आहे. फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो, ते पिक्सेल. बहुतेक मोबाइलची स्क्रीन रुंदीला १०८० पिक्सेलच्या आसपास असते, तिला छोटी फाइलही पुरते. कागदाला ती पुरत नाही.

आधी मूळ फाइल मिळवा. ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा (सुमारे १ कोटी २० लाख पिक्सेलचा) फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर साधारण १६०० × १२०० होऊन पोहोचतो. दोन मेगापिक्सेलसुद्धा उरत नाहीत. पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा. स्क्रीनशॉट तर घेऊच नका.

मग पिक्सेल बघा. विंडोज कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. मोबाइलच्या गॅलरीत हीच माहिती फोटोच्या तपशिलात असते. केबी-एमबीवरून अंदाज बांधू नका. पिक्सेल तेवढेच असले तरी जेपेग (फोटोची नेहमीची फाइल) साठवताना किती दाबून लहान केली आहे त्यावर फाइलचं वजन ठरतं.

आता भागाकार: फोटोच्या पिक्सेलांना छपाईच्या इंचांनी भागा. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल उत्तम, २०० चालतात, १५० च्या खाली कडा दातेरी दिसू लागतात. ४ × ६ इंचांच्या प्रिंटला १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ए-फोरला २४८० × ३५०८, आणि ३५ × ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ४१३ × ५३१.

डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. ‘३०० डीपीआयमध्ये पाठवा’ असं कुणी म्हटलं की बरेच जण फोटोशॉपमध्ये रेझोल्यूशनच्या चौकटीतला ७२ हा आकडा खोडून ३०० लिहितात. ‘रीसॅम्पल’ची खूण काढलेली असेल तर त्याने फक्त छपाईचा आकार लहान होतो, पिक्सेल तेवढेच राहतात. खूण तशीच ठेवली तर सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. फाइल फुगते, तपशील मात्र वाढत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ग्रुप फोटोतून एक चेहरा कापताना. लग्नाच्या फोटोत एका ओळीत १५ माणसं उभी असतील, तर ४०३२ पिक्सेलांतले प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीला जेमतेम २७० येतात. त्यातून आजोबांचा खांद्यापर्यंतचा फोटो कापून ८ × १० इंचांच्या फ्रेमला दिला, की इंचाला ३४ पिक्सेल पडतात. एकेक पिक्सेल पाऊण मिलिमीटरचा. एआयने तो मोठा करून देतात खरं, पण डोळे आणि ओठ ते स्वतःच रचतं, आणि चेहरा ओळखीचा राहीलच असं नाही. माणसाच्या आठवणीसाठी फ्रेम करायची असेल तर हा मार्ग टाळावा. त्यापेक्षा कपाटातला जुना छापील फोटो शोधा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ४ × ६ च्या प्रिंटमधून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. स्कॅनरवर हा आकडा खरोखर महत्त्वाचा, कारण पिक्सेल तिथेच तयार होतात. जुना प्रिंट स्पष्ट नसेल, तर आकडा आणखी वाढवून नवं काही हाती लागत नाही.

फ्लेक्सचा हिशेब वेगळा. फूटभर अंतरावरून डोळ्याला इंचाला सुमारे ३०० ठिपके वेगळे कळतात, दहा फुटांवरून जेमतेम ३०. म्हणून दहा फूट रुंद फ्लेक्स तेवढ्या अंतरावरून बघायचा असेल तर १२० इंच गुणिले ३०, म्हणजे ३६०० पिक्सेल पुरतात. मोबाइलची मूळ फाइल, न कापता, बसते. त्यावरची अक्षरं मात्र फोटोत मिसळून जेपेग करू नका. ती कोरलड्रॉसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये (ज्यात आकार पिक्सेलांऐवजी रेषांनी साठवले जातात) वेगळी ठेवा, आणि फाइल देण्याआधी ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’ करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनवा, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरं तुटतात.