जुन्या कागदांतील मिती आणि सन: या चुका टाळा

शालिवाहन शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, हे सूत्र शाळेपासून पाठ असते, आणि गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहू लागलेली बहुतेक मंडळी त्यापुढे जाण्याची तसदी घेत नाहीत. शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते आणि इसवी सन मधेच, साधारणपणे पौषाच्या सुमारास, बदलतो. म्हणून तेथून फाल्गुनअखेरपर्यंतच्या मितींना 79 मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध 13, शके 1596 ही मिती 78 मिळवून 1674 मध्ये नेमकी बसते आणि त्यामुळे सूत्रावरचा विश्वास उगाच वाढतो. शिवजन्माची फाल्गुन वद्य 3, शके 1551 ही मिती मात्र त्याच सूत्राने 1629 मध्ये जाऊन पडते. खरे साल 1630.

या एका आकड्यापायी काय होऊ शकते, हे एका गावच्या स्मरणिकेत पाहिले. पानिपतच्या पराभवाची बातमी कळवणारे माघ, शके 1682 चे एक पत्र तिच्यात छापायचे होते. संपादनाची घाई झालेल्या तरुणाने 78 मिळवून 1760 साल काढले आणि जानेवारी 1761 मधल्या लढाईची बातमी 1760 मध्ये कशी आली, असा प्रश्न स्वतःलाच घातला. येथे थांबून बेरीज तपासावी, हे त्याला सुचले नाही. पत्रच बनावट आहे असा निष्कर्ष काढून त्याने त्यावर तावातावाने दोन पाने लिहिली. खरी गंमत अशी की पत्राच्या माथ्यावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे स्वच्छ मोडी अक्षरांत लिहिलेले होते. ही शोभेची फारसी असावी, असे समजून त्याने ते शब्द नकलेतून गाळले होते. तो अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन आहे: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे 1161. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, त्यात डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून 600 मिळवायचे, उत्तर 1761. उत्तर त्याच कागदावर लिहिलेले होते आणि नक्कल करणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने गाळले होते. अशा ‘शोधां’ना मग वर्तमानपत्रात जागाही मिळते.

माझी रीत अशी आहे की कागदावरचे सगळे घटक, म्हणजे शके, संवत्सराचे नाव, मास, पक्ष, तिथी, वार, सुहूर सन, चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख), आधी जसेच्या तसे उतरवून घ्यायचे आणि मगच जंत्री, म्हणजे जुन्या मितींच्या इंग्रजी तारखा देणारे कोष्टकांचे पुस्तक, उघडायची. वार जुळला नाही तर पुढे जायचे नाही. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ज्याला कंटाळा सहन होत नाही त्याने दफ्तराच्या वाटेला जाऊ नये.

सुहूर आणि हिजरी सन एकच मानू नयेत. पानिपतच्या वेळी सुहूर 1161 होता, तर हिजरी 1174. उत्तरेकडील कागदांतला चैत्र कृष्णपक्ष आपल्याकडे फाल्गुन वद्य असतो, हेही ध्यानात ठेवावे. दगडी देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणून तेराव्या शतकात ढकलण्याचे तर व्यसनच जडलेले आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा, आहे.

इंग्रज आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवताना आणखी एक खड्डा लागतो. पोर्तुगालने 1582 मध्ये नवे, म्हणजे आजचे ग्रेगोरियन, पंचांग स्वीकारले, इंग्रजांनी 1752 मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याची तारीख सुरतेच्या वखारीपेक्षा 10 दिवसांनी पुढे असते. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी 1664 मधली सुरतेची पहिली लूट त्यांच्या हिशेबी 1663 मधली ठरते. मोबाइलवरची काही साधने जुन्या मितीची तारीख थेट नव्या पद्धतीने देतात, आणि मग 19 फेब्रुवारीऐवजी 1 मार्च 1630 पाहून कुणीतरी शिवजन्माची ‘खरी तारीख’ सापडल्याचे जाहीर करतो. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. टिपणात तारखेपुढे जुनी पद्धत की नवी, एवढे दोन शब्द लिहावेत.